शेपटीचे शब्द

गेटाजवळच्या प्लायवूडच्या दुकानावर
वरच्या खोलीत सात ते साडेआठ इंग्रजी.
बाकं एका बंद पडलेल्या कन्नड शाळेची,
फळा मराठी शाळेतला, कोपऱ्यात अजून
सुविचाराची चौकट, आत सुविचार नाही.
खाली करवत चालते, म्हणून लुर्दिन मिस
प्रत्येक वाक्य दोनदा सांगतात.

मी उद्यमबागेत लेथवर. एकोणीस वर्षं.
नवीन मशीन आलं, त्याच्या काचेवर इंग्रजी उगवतं
आणि मी विशीतल्या पोराला हाक मारतो,
"बघ रे, काय म्हणालंय हे?"
म्हणून फी भरली.

मिस म्हणाल्या, क्रियापद ओळखीचंच असतं,
फसवते ती शेपटी.
गिव्ह म्हणजे देणं. खरं गिव्ह अप म्हणजे
कुणाला काही न देता
हातातलं खाली ठेवणं.
ब्रेक डाउन मशीनही होतं, माणूसही.
रन आउट म्हणजे क्रिकेटच नव्हे, मुजावर,
डब्यातलं तेल संपलं तरी तेच.
शब्बीर मुजावर हसला, लगेच वाक्य केलं:
एव्हरी मंथ वी रन आउट ऑफ मनी ऑन ट्वेंटिएथ.
मिसनी शाबास म्हटलं
आणि पुढचा शब्द घेतला.

पुट अप विथ.
भारती पाटणेकरनं न विचारताच हात वर केला.
आय पुट अप विथ माय सिस्टर-इन-लॉ.
"बिकॉज?"
बिकॉज किचन इज वन.

सुटल्यावर गेट बंद. मालगाडी.
मला वाटलं, शेपट्या तर आपल्यातही आहेत की.
सांगणं वेगळं, सांगून टाकणं वेगळं.
रडणं वेगळं, रडून घेणं वेगळं.
आणि बोलून बसलो की
बसलेलं उठवता येत नाही.
शेजारी इराप्पा हंचिनाळ उभा, हुक्केरीकडचा.
म्हणाला, "आमच्यातबी हाय. हेळु म्हणजे सांग.
हेळिबिडु म्हणजे सांग आन् मोकळा हो.
बिडु म्हणजे सोड."
डबे मोजत होता तो. एकोणचाळीस, चाळीस.
"सोडायला जमंना झालंय, ते वेगळं."
कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

गुरुवारी वह्या तपासल्या.
लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं.
इराप्पानं लिहिलं होतं: आय लुक फॉर माय ब्रदर.
मिसनी फॉरवर लाल रेघ ओढली, वर आफ्टर लिहिलं.
तो उभा राहिला.
"मिस, नो. धाकटा हाय माझा.
वास्कोला कामाला जातो म्हणून गेला, चार वर्षं झाली.
फॉरच बरोबर हाय."

करवत चालूच होती.
लाल रेघ पुसता येत नाही.
मिसनी कडेला लिहिलं: माय मिस्टेक.
मग हळूच, जणू व्याकरणच सांगतायत,
"काम अजून चालू असेल तर आयएनजी लावायचं, इराप्पा.
आय ॲम लुकिंग."
त्यानं खाली बसून आयएनजी लावलं,
तीन अक्षरं, एकेक करून.

सोमवारी फळ्यावर टर्न अप.
टर्न तर माझा धंदाच, रोज लोखंड टर्न करतो.
खरं टर्न अप म्हणजे उगवणं,
वाट बघणाऱ्याच्या दारात येऊन उभं राहणं.
दुसऱ्या बाकावर भिंतीकडची जागा मोकळी होती.
मी लिहिलं:
इराप्पा डिड नॉट टर्न अप.
दोन महिन्यांत माझं पहिलं बिनचूक वाक्य.

मिसनी वही घेतली. बराच वेळ धरून ठेवली.
चूक नव्हती, तरी लाल पेन उचललं,
डिड खोडून हॅज केलं,
टर्नला ईडी लावलं,
आणि शेवटी, ओळीत जागा नव्हती म्हणून समासात,
एक शब्द जोडला: येट.

खाली करवत तेवढ्यात थांबली होती.
त्यामुळे ते वाक्य त्यांनी
एकदाच सांगितलं.